चाक, चिखल आणि मडगार्ड

जुलै महिन्यातला मावळातला एखादा दिवस आठवा. आंदर मावळ, नाणे मावळ, पवन मावळ, कुठल्याही खोऱ्यातली शाळा चालेल. पाऊस चार दिवस थांबलेला नाही. भातखाचरांत चिखलणी चालू आहे. पलीकडच्या वाडीवरून सायकलने येणारा सातवीतला मुलगा आज उशिरा पोचतो, तेही सायकल हाताने ढकलत. मागचे चाक फिरतच नाही. टायर आणि मडगार्ड यांच्यामध्ये चिखल ठासून बसला आहे. मुलगा काडीने तो उकरून काढतो, शंभर पावले जातो, की चाक पुन्हा अडते.

दुसऱ्या दिवशी तो मडगार्ड काढूनच येतो. चाक आता मोकळे फिरते. पण पांढऱ्या सदऱ्याच्या पाठीवर कमरेपासून मानेपर्यंत चिखलाचा पट्टा उमटलेला असतो. गुरुजी रागावतात, घरी आई रागावते. मुलाला मात्र प्रश्न पडतो, की मडगार्ड ठेवावे की काढावे?

हा प्रश्न दिसतो तेवढा लहान नाही. लोणावळ्याच्या परिसरात जीपगाड्यांना मोठे टायर बसवून, त्यासाठी मडगार्डचा पत्रा कापून, कच्च्या वाटांवर हिंडणारी हौशी मंडळी आपण पाहतो. त्यांच्यापुढेही नेमका हाच प्रश्न असतो. शंभर वर्षांहून अधिक काळ वाहने बनवणाऱ्यांनीही तो अनेकदा सोडवला आणि पुन्हा मांडला. मावळच्या वाटांवरून चाक कसे कसे आले हे पाहत गेलो, तर या प्रश्नाची उकल सोपी होते.

चाक होते, वाट नव्हती

मळवली स्टेशनवर उतरून भाजे लेण्यांत गेलात, तर तिथल्या एका विहारात चार घोड्यांच्या रथाचे शिल्प दिसेल. रथात बसलेली आकृती सूर्याची आहे असे सर्वसाधारणपणे मानतात. रथाची चाके राक्षसांच्या अंगावरून चालली आहेत. म्हणजे दोन हजार वर्षांपूर्वी इथल्या कारागिराला चाक चांगले ठाऊक होते.

पण त्याच लेण्यांच्या पायथ्याने कोकणातून घाटावर जो व्यापार चाले, तो मुख्यतः चाकावर चालत नसे. माल ओझ्याच्या बैलांच्या पाठीवरून येई. बोरघाटाची चढण, दगडधोंडे आणि ओढे यांत गाडीपेक्षा बैलाचे खूर अधिक भरवशाचे होते. चाक ही वस्तू एकटी कधीच पुरी पडत नाही. तिला खाली वाट लागते. (आणि वरच्या बाजूला मोकळी जागाही लागते, पण त्याकडे पुढे येऊ.)

मुंबईचा गव्हर्नर सर जॉन माल्कम याच्या कारकिर्दीत, १८३० साली, बोरघाटातून गाडीरस्ता खुला झाला. मग गाडीकडेही लक्ष गेले. जुन्या देशी गाड्यांची चाके भरीव आणि अतिशय जड असत. १८३० च्या दशकात लेफ्टनंट गेसफर्ड याने सोलापूर जिल्ह्यातल्या टेंभुर्णी येथे आरे असलेल्या हलक्या चाकांच्या गाड्या तयार करून घेण्याचा उद्योग सुरू केला. आज आपण ज्या बैलगाडीला ‘पारंपरिक’ म्हणतो, तिच्या घडणीत अशा सुधारणांचाही वाटा आहे.

या बैलगाडीकडे नीट पाहा. मधोमध तुंबा, त्यातून निघालेले आरे, बाहेरून लोखंडी धाव. गाडीची साटी दोन चाकांच्या आत बसते. चाकाच्या वर काहीच नाही. मडगार्ड नाही, पत्रा नाही, फळीही नाही. चिखलात ही गाडी आसापर्यंत रुतली तरी गाडीवानाच्या पाठीवर चिखलाचा पट्टा उमटत नाही. असे का?

चिखल केव्हा उडतो?

उत्तरासाठी थोडे गणित करू या. नववी-दहावीच्या मुलांना हे सहज जमेल.

फिरत्या चाकाला चिकटलेला चिखलाचा गोळा वर्तुळात फिरत राहायचा, तर त्याला सतत केंद्राच्या दिशेने ओढले पाहिजे. हे ओढण्याचे काम चिखलाचा चिकटपणा करतो. चाकाच्या माथ्यावर गुरुत्वाकर्षणही गोळ्याला खाली, म्हणजे चाकाकडेच ओढत असते. गोळ्याला लागणारे त्वरण वेगाच्या वर्गाला त्रिज्येने भागले की मिळते. एवढे त्वरण देण्याइतकी ओढ गुरुत्वाकर्षण आणि चिकटपणा मिळूनही पुरवू शकले नाहीत, की गोळा सुटतो आणि स्पर्शरेषेच्या दिशेने उडतो.

बैलगाडी ताशी ४ किलोमीटर चालते असे धरू. म्हणजे सेकंदाला सुमारे १.१ मीटर. चाकाची त्रिज्या ०.७ मीटर. त्वरण आले सुमारे १.७. गुरुत्वाकर्षणाचे त्वरण ९.८. म्हणजे माथ्यावरचा चिखल चाकावर ठेवायला गुरुत्वाकर्षणाचा पाचवा हिस्साही पुरतो. तो उडण्याचा प्रश्नच येत नाही. तो खाली आल्यावर आपल्या वजनाने गळून पडतो.

आता घोड्याची बग्गी घ्या. वेग ताशी १२ किलोमीटर, चाकाची त्रिज्या अर्धा मीटर. त्वरण येते २२ च्या आसपास, म्हणजे गुरुत्वाकर्षणाच्या दुपटीहून जास्त. नुसते वजन आता गोळ्याला धरून ठेवू शकत नाही, पातळ चिखल उडू लागतो. म्हणून बग्गीच्या, फेटणीच्या चाकांवर वाकवलेली पट्टी बसलेली दिसते.

आणि जीप? वेग ताशी ४० किलोमीटर, त्रिज्या ०.३५ मीटर. त्वरण ३५० च्या घरात जाते, म्हणजे गुरुत्वाकर्षणाच्या सुमारे ३५ पट! अशा चाकावरून चिखलच काय, टायरच्या नक्षीत अडकलेला खडाही सुटून मागे जाईल.

म्हणजे मडगार्डाची गरज चिखलातून आली हे अर्धेच खरे. ती चिखल आणि वेग यांच्या जोडीतून आली. हळू चालणाऱ्या चाकाला मडगार्डाचे फारसे काम नाही. उलट चाकाला खेटून बसवले, तर चिखल साचून तेच ब्रेकसारखे काम करते. वेगाने चालणाऱ्या चाकाला मात्र ते हवेच. सायकलवाल्या मुलाची अडचण हीच आहे. शेताच्या बांधावर तो बैलगाडीच्या वेगाने चालतो, आणि डांबरी सडकेवर बग्गीपेक्षा वेगाने.

रुळांचा उपाय

मधल्या काळात या अडचणीवर एक अगदी वेगळा उपाय झाला. जेम्स बर्कली या इंजिनिअराने आखलेला बोरघाटातला रेल्वेमार्ग १८६३ साली सुरू झाला. त्यात २५ बोगदे होते. खंडाळ्याखाली ‘रिव्हर्सिंग स्टेशन’ होते. तिथे गाडी थांबून उलट दिशेने पुढची चढण चढे. १९२९ साली नवा मार्ग झाल्यावर ते बंद झाले.

रेल्वेने चाकाचा प्रश्न मुळातूनच काढून टाकला. चाकाने कुठून जायचे ते ठरलेले, त्याखाली चिखल नाही, त्याने किती वर-खाली व्हायचे आणि किती वळायचे हेही आधीच ठरलेले. अशा चाकाभोवती नेमकी किती मोकळी जागा ठेवायची हे इंजिनिअर कागदावरच ठरवू शकतो.

पण रूळ सगळीकडे जात नाहीत. लोणावळ्याच्या स्टेशनावरून राजमाचीच्या पायथ्याच्या उधेवाडीला जायचे, तर पुढे जंगलातली कच्ची वाटच होती.

दोन्ही करू शकणारी गाडी

१९४० च्या जुलैत अमेरिकेच्या सैन्याने वाहन बनवणाऱ्या १३५ कंपन्यांकडे एका हलक्या, चारही चाके ओढणाऱ्या गाडीची मागणी केली. अमेरिकन बँटम या छोट्या कंपनीसाठी कार्ल प्रॉब्स्ट याने आराखडा केला आणि २३ सप्टेंबर १९४० रोजी पहिला नमुना सैन्याच्या ताब्यात दिला. पुढे विलीस आणि फोर्ड या कंपन्यांनी महायुद्ध संपेपर्यंत अशा सहा लाखांहून अधिक गाड्या बनवल्या. हीच जीप.

बँटमच्या पहिल्या नमुन्याची पुढची मडगार्डे त्या काळच्या मोटारींसारखी गोलाकार होती. लाखोंनी बनलेल्या जीपची मात्र सपाट, आडव्या फळीसारखी होती. त्याच काळातल्या शहरी मोटारीशेजारी जीपचे चित्र ठेवून पाहा. मोटारीचे मडगार्ड चाकाला पाठीमागून आणि बाजूनेही कवेत घेते. जीपचे मडगार्ड चाकाच्या वर छपरासारखे असते, बाजू उघडी असते. चिखल अडवण्यात ते थोडे कमी पडते, पण चाकाला हालचाल करायला जागा मिळते आणि साचलेला चिखल बाहेर पडायला वाट राहते. वेगवान चाक आणि चिखलातले चाक यांच्यातली ही तडजोड आहे.

ही गाडी आपल्याकडे लवकरच आली. १९४५ साली ‘महिंद्रा अँड महंमद’ ही कंपनी स्थापन झाली. १९४७ मध्ये तिने विलीस जीपची जुळणी सुरू केली आणि १९४८ मध्ये तिचे नाव ‘महिंद्रा अँड महिंद्रा’ झाले. अमेरिकेत १९५३ साली आलेल्या सीजे-३बी या जीपमध्ये नवे, उंच इंजिन होते. त्यामुळे तिचे बॉनेट उंच झाले, पण मडगार्ड सपाटच राहिले. आपल्याकडे कित्येक वर्षे सरकारी कामावर दिसलेली उंच कपाळाची जीप ती हीच.

मोठ्या टायरचा हिशेब

आता मडगार्ड कापणाऱ्यांकडे येऊ. कच्च्या वाटेवर गाडी अडते ती बहुधा पोटाखाली. चाकोऱ्या खोल असतात, मधला उंचवटा आसाच्या गोळ्याला लागतो. गाडीचा आस उंच करण्याचा सरळ मार्ग एकच, तो म्हणजे मोठे चाक. स्प्रिंगखाली ठोकळे घालून गाडीचा सांगाडा उंच होतो, पण आस तिथेच राहतो, कारण आसाची उंची ही चाकाची त्रिज्याच असते.

समजा टायरचा व्यास ७१ सेंटिमीटरवरून ७९ सेंटिमीटर केला. वाढ झाली आठ सेंटिमीटर, पण आस उचलला गेला फक्त चार सेंटिमीटर. उरलेले चार सेंटिमीटर वरच्या बाजूला गेले, म्हणजे मडगार्डाखालची जागा तेवढी कमी झाली. टायरची रुंदी १५ ऐवजी २० सेंटिमीटर झाली, तर दोन्ही बाजूंना अडीच अडीच सेंटिमीटर गेले. ज्या मापाने खालून मिळवले, त्याच मापाने वरून गमावले.

गाडी सपाट जमिनीवर उभी असताना टायर आणि पत्रा यांत चार बोटे अंतर दिसते, तेव्हा सगळे ठीक वाटते. पण पुढच्या चाकाला तीन हालचाली असतात. ते स्वतःभोवती फिरते. दगडावर चढले की पाटे दबून वर येते. स्टिअरिंग फिरवले की डावी-उजवीकडे वळते, आणि वळताना टायरची पुढची-मागची कड मोठी कमान घेते. या तिन्ही एकदम झाल्या, म्हणजे एक चाक दगडावर चढलेले आणि स्टिअरिंग पूर्ण वळवलेले, की टायर नको तिथे पोचतो. बाहेर मडगार्डाच्या कोपऱ्याला, आत पाट्यांना किंवा ब्रेकच्या नळीला. म्हणून जाणता कारागीर गाडी सपाटीवर मोजत नाही. तो एक चाक उंच ठोकळ्यावर चढवतो, स्टिअरिंग दोन्ही टोकांना फिरवतो, जिथे घासेल तिथे खडूची खूण करतो आणि मगच ठरवतो. कधी पत्र्याची आतली कड हातोडीने दुमडून भागते. कधी कड कापून, धार राहू नये म्हणून तिथे पट्टी जोडावी लागते. कापलेल्या जागेबाहेर टायर डोकावत असेल, तर रबराची किंवा प्लॅस्टिकची रुंद कड बसवतात. २०२० साली आलेल्या नव्या ‘थार’मध्ये अशी काळी रुंद कड कारखान्यातूनच बसून येते. गॅरेजातली युक्ती आता कारखान्याच्या आराखड्यातही दिसते.

पत्रा कापून झाला म्हणजे हिशेब संपला असे नाही. मोठे चाक एका फेऱ्यात जास्त अंतर जाते, पण वेग दाखवणाऱ्या काट्याला ते कळत नाही. आपल्या उदाहरणात काटा ४० दाखवील, तेव्हा खरा वेग ४४ हून अधिक असेल. इंजिनाची तीच पिळ जमिनीवर सुमारे दहा टक्क्यांनी कमी जोर देईल. ब्रेकनाही जास्त काम पडेल. शिवाय गाडीचा गुरुत्वमध्य वर गेल्याने आडव्या उतारावर ती लवकर कलंडेल. चार सेंटिमीटरसाठी ही किंमत आहे. ती माहीत असूनही कुणी मोजायला तयार असेल, तर निदान ती नीट मोजलेली असावी.

किंमत दुसऱ्याने मोजली तर?

पण ही सगळी किंमत गाडीवाला एकटाच मोजतो का? हा प्रश्न जुना आहे. अठराव्या शतकात इंग्लंडमध्ये जड गाड्यांच्या अरुंद चाकांनी रस्ते चिरले जात. म्हणून १७५३ साली तिथे जड गाड्यांना नऊ इंच रुंद चाके लावण्याचा कायदा झाला. चाक गाडीवाल्याचे, पण त्याखालचा रस्ता सर्वांचा, हे त्यामागचे तत्त्व.

आपल्याकडे मोटार वाहन कायदा, १९८८ याच्या कलम ५२ नुसार नोंदणीपत्रातला तपशील उत्पादकाने ठरवलेल्या मूळ तपशिलाशी जुळणार नाही असा बदल वाहनमालकाला करता येत नाही. हे कलम २००० साली अधिक कडक झाले, आणि सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये केरळातल्या एका प्रकरणात त्याचा अर्थ स्पष्ट केला. हौशी मंडळींना हा जाच वाटतो. पण वर केलेले गणित आठवा. लोणावळ्यात कच्ची वाट संपते आणि काही मिनिटांत गाडी जुन्या मुंबई-पुणे रस्त्याला लागते. वाटेवर तिचे चाक बैलगाडीच्या चालीने फिरत होते, आता ते बग्गीच्या कितीतरी पुढे गेले आहे. कापलेल्या मडगार्डाबाहेर डोकावणाऱ्या टायरच्या नक्षीत चिखल आणि खडे ठासलेले आहेत. ते सुटले, तर मागून येणाऱ्या स्कूटरवाल्याच्या तोंडावर जातील. सायकलवाल्या मुलाने मडगार्ड काढले, तेव्हा चिखल निदान त्याच्याच पाठीवर उडाला होता.

वाटेचेही तसेच. पावसाळ्यात ओल्या वाटेवर खोल नक्षीचे मोठे टायर जोराने फिरले, की चाकोरी खोल होते. त्या चाकोरीतून पाणी वाहते, माती घेऊन जाते, चाकोरी आणखी खोल होते. मग गेल्या वर्षीची साधी जीप तिथे अडू लागते आणि आणखी मोठा टायर हवासा वाटतो. या चक्रात हौशी माणूस नवा टायर विकत घेऊ शकतो. त्याच वाटेने दुधाची किटली घेऊन मोटारसायकलने येणाऱ्याला, किंवा दुखणाईताला दवाखान्यात नेणाऱ्याला, ते जमत नाही. बंदिस्त मैदानावर, मालकाच्या परवानगीने गाड्या चिखलात घालणे वेगळे, आणि वाडीच्या एकमेव वाटेवर घालणे वेगळे.

मावळातल्या चाकाची ही हकीकत सांगण्याचा उद्देश गाड्यांची हौस मोडण्याचा नाही. ज्याने मडगार्डाची कड दुमडण्यापूर्वी चाक ठोकळ्यावर चढवून खडूने खूण केली, त्याने विज्ञानच केले. त्याने फक्त ती खूण आपल्या पत्र्यापुरती न ठेवता रस्त्यापर्यंत न्यावी, एवढेच आमचे म्हणणे.

वर्गात करून पाहण्यासाठी

एक सायकल उलटी उभी करा. मागच्या टायरवर ओल्या मातीच्या छोट्या गोळ्या चिकटवा. पेडल आधी अगदी सावकाश आणि मग हळूहळू जोराने फिरवा. मुलांना बाजूला उभे करा, चाकाच्या रेषेत नको. गोळ्या कोणत्या वेगाला सुटतात? दहा सेकंदांत चाकाचे किती फेरे झाले हे मोजून वेग काढता येईल, आणि त्यावरून त्वरणही. माती जास्त ओली किंवा जास्त कोरडी केली तर काय फरक पडतो? शेताडीची चिकण माती आणि रस्त्याकडेची मुरमाड माती यांत कोणती लवकर सुटते? गोळ्या कुठल्या दिशेने जातात हे पाहायला मागे जुन्या वर्तमानपत्राचा कागद धरा.

मग वर्गातल्या सगळ्या सायकलींच्या टायर-मडगार्डमधले अंतर पट्टीने मोजा, आणि पावसाळ्यात कुणाची सायकल किती वेळा अडली ते त्यासमोर लिहा. मडगार्ड न काढता ते थोडे उंच कसे बसवता येईल, हे मुलांनाच सुचवू द्या. त्यांनी काय काय उपाय काढले, ते आम्हाला जरूर कळवा.